हाडाच्या वेगाने

डॉक्टर पगारे आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले ते उंदीर मागायला.

आणीबाणीच्या आधीचं वर्ष असावं. मी नाशकातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. दुपारची प्रॅक्टिकल्स आटोपली होती, मुलं गेली होती, आणि मागे उरला होता फॉर्मलिनचा वास आणि आमचा शिपाई नामदेव. दारात एक उंच, सावळे गृहस्थ येऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, चकचकीत बूट, आणि चेहऱ्यावर कुणीतरी आत्ता नाही म्हणणार आहे याची आधीपासूनच तयारी.

"मी पगारे. दातांचा डॉक्टर. तुमच्याकडे पांढरे उंदीर आहेत असं कळलं."

"आहेत. पण दातांच्या डॉक्टरांना उंदीर कशाला?"

"माणसं आपले जबडे कापून बघू देत नाहीत म्हणून," ते म्हणाले. हसले नाहीत. त्यांच्या बहुतेक विनोदांना ते स्वतः हसत नसत, आणि त्यामुळे ते विनोद आहेत की अपमान, हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे.

पगारे मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेत फिटर. धर्मांतराच्या वेळी हे शाळेत होते. मुंबईला दंतवैद्यक शिकले, मग वेडेवाकडे दात तारांनी सरळ करण्याचं खास शिक्षण घेतलं, आणि तिथे राहायचं सोडून नाशकात आले. शालिमारजवळ, सायकलच्या एका दुकानावर त्यांचा दवाखाना होता. का आलात, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मुंबईत माझ्यासारखे बरेच आहेत. इथे कुणी नव्हतं. म्हटलं, आपली गरज असेल." मग थोडं थांबून म्हणाले, "गरज होती. मी नको होतो."

त्यांना नेमकं काय बघायचं होतं ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवलं. प्राणिशास्त्राच्या बाईला हाड शिकवतोय याचा त्यांना जराही संकोच नव्हता.

"लोकांना वाटतं, भिंतीत खुंटी ठोकलेली असते तसा हाडात दात असतो. तसं नाही. मुळाभोवती केसाएवढी फट असते. त्या फटीत धागे, रक्तवाहिन्या, पेशी. दात त्या धाग्यांवर तोललेला असतो. तारेनं त्याला एका बाजूला हळूच रेटला की पुढचे धागे दबतात, मागचे ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात. ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या. पुढे खात जायचं, मागे बांधत यायचं. दात आपण हलवत नाही, मॅडम. आपण फक्त सुचवतो. हलवतं हाड."

"मग प्रश्न काय आहे?"

"प्रश्न असा आहे, की जोरात रेटलं तर काय होतं हे मी पुस्तकात वाचलंय. डोळ्यांनी बघितलेलं नाही. आणि रोज कुणीतरी माझ्यासमोर बसून म्हणतं, डॉक्टर, जरा जोरात ओढा."

बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळा द्यायची तर संस्थेची परवानगी हवी. आमच्या संस्थेत शब्द चालायचा तो आप्पासाहेब निकमांचा. मोठे वकील, घरी द्राक्षांची शेती, बोलणं गोड. त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यांची मुलगी नलिनी माझ्याच वर्गात होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगी हुशार, पण वरचे दात इतके पुढे की ओठ मिटत नसत. हसताना ती तोंडावर हात धरायची, आणि वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. गावात हे काम नीट शिकून आलेला डॉक्टर पगारेच, असं आप्पासाहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. देवघेवीची भाषा झाली नाही. पण पगाऱ्यांना प्रयोगशाळा मिळाली आणि नलिनीला तारा बसल्या, एकाच महिन्यात.

दवाखाना बंद असायचा त्या दिवशी डॉक्टर आमच्याकडे यायचे. उंदराला गुंगी देऊन त्याच्या दोन दाढांच्या मधे रबराची इवलीशी पट्टी बसवायची. काहींना पातळ, काहींना जाड. काही दिवसांनी उंदीर मारून जबडा काढायचा, आम्लात ठेवून मऊ करायचा, मेणात बसवायचा, आणि आमच्या मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. रंग दिला की गुलाबी हाड, जांभळ्या पेशी. हे सगळं ते स्वतःच्या हातानं करायचे. काप फाटला तर पुन्हा पहिल्यापासून.

नामदेव घोटीकडचा. त्याला उंदरांची दया यायची. "लय हाल केले सायेब तुमी ह्या जीवाचे," तो म्हणायचा.

"माणसांचे करायला लागू नयेत म्हणून," डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणायचे.

पातळ पट्टीवाला पहिला चांगला काप हाती आला तो दिवस मला आठवतो. त्यांनी मला बोलावलं नाही. फक्त खुर्चीवरून उठले आणि बाजूला उभे राहिले. मी पाहिलं. हाडाची कड नक्षीसारखी खाल्लेली होती, आणि प्रत्येक खळग्यात एकेक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी बसली होती. जशी काही आपापल्या ताटावर. मी बीएस्सी, एमएस्सी झाले होते, हाडाचे काप शेकड्यांनी पाहिले होते, पण हाड असं कामावर असताना पाहिलं नव्हतं. तसं मी म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, "आता जाड पट्टीवालं बघा."

जाड पट्टीच्या कापात दबलेल्या बाजूला काहीच नव्हतं. पेशी नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. नुसता काचेसारखा नितळ पट्टा.

"मेलं," डॉक्टर म्हणाले. "रक्तच पोचलं नाही तर खाणारे तरी कुठून येणार? म्हणून जोरात ओढलेला दात आधी हलतच नाही. आठवडेच्या आठवडे अडून राहतो. मग या पेशी मागून येतात, हाडाच्या पोटातून, भुयार खणत. आणि मेलेला भाग साफ करता करता कधी दाताचं मूळही खातात." त्यांनी काच सरकवली. "हे बघा मुळाचं टोक. हाड पुन्हा भरून येतं. हे टोक येत नाही."

त्या संध्याकाळी ते जवळजवळ आनंदात होते. तसं मी त्यांना पुढे फार वेळा पाहिलं नाही.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी त्यांना पहिल्यांदा चहाला नेलं तेव्हा शिपायानं कपबश्या आणल्या, आणि डॉक्टरांनी आपल्या बॅगेतून स्वतःचा कप काढून टेबलावर ठेवला. "यात ओता. नंतर कुणाला प्रश्न नको." संस्कृतच्या सरांनी घाईघाईनं "अहो, आता कुठे तसं राहिलंय" असं काहीतरी म्हटलं. "नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही घ्या या कपातून." आणि कप त्यांच्यापुढे सरकवला. सरांना तेव्हाच नेमका तास आठवला. डॉक्टर तो चहा चवीचवीनं प्यायले. मला राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा ठरवता आलं नाही.

दवाखान्यातल्या गोष्टी ते तशाच कोरड्या आवाजात सांगायचे. एक कापडवाले शेठ तपासून झाल्यावर कितीतरी वेळ चुळा भरत राहिले आणि मग विचारते झाले, "डॉक्टर, तुम्ही हात धुता ना?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या तोंडात घालायच्या आधी धुतो. घातल्यावरही धुतो. घातल्यावर जास्त वेळ धुतो." शेठ परत आले नाहीत.

मुलींच्या आया तर नेहमीच्याच. "मे महिन्यात दाखवायची आहे हो, तोवर सरळ करून द्या." डॉक्टर त्या बाईला हात पुढे करायला सांगत, तिच्या नखावर आपलं बोट दाबत. नख पांढरं पडे. "रक्त गेलं. आता असंच दाबून धरू मे महिन्यापर्यंत?" बाई हात मागे घेई. काही समजून थांबत. बऱ्याच जणी थांबत नसत. मेन रोडला डॉक्टर सामंत होते, दात काढण्यात, कवळ्या करण्यात नाव मिळवलेले. अधूनमधून तारा-प्लेटाही बसवायचे. ते कुणाला नखं दाखवत नसत.

"जरा हलकं बोलत जा डॉक्टर, तुटतात माणसं," मी एकदा म्हटलं.

"मी फक्त हाताने हलका आहे," ते म्हणाले.

आणि ते खरं होतं. नलिनीनं मला सांगितलं होतं, तारा आवळल्यावर दोन दिवस दात ठणकतात, पण आवळताना कळतसुद्धा नाही. हळूहळू ती प्रयोगशाळेत यायला लागली. प्रॅक्टिकल संपल्यावर रेंगाळायची, डॉक्टर आले की त्यांच्या शेजारी उभी राहायची. ते तिला सूक्ष्मदर्शक द्यायचे. एकदा तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे आत्ता इथे हे चाललंय?"

"आत्ता, या क्षणी. तू झोपलीस तरी चालू."

"मला काहीच करावं लागत नाही?"

"एकच. घाई करायची नाही."

तिला ते सगळं कळत होतं. जाड पट्टीचे, पातळ पट्टीचे काप ती न विचारता ओळखायची. एकदा तर डॉक्टरांच्याआधी तिनंच एका कापात मुळाचा खाल्लेला कोपरा दाखवला. डॉक्टर मला म्हणाले, "या मुलीला पुढे शिकवा. ही नुसती पास होणारी नाही." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली कुणाचीही एवढीच स्तुती.

तारा बसून वर्ष होऊन गेलं होतं. दात मागे यायला लागले होते, पण निम्मं काम बाकी होतं. त्यात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घराणं नावाजलेलं. फोटो आवडला होता. तो अर्थात ओठ मिटून काढलेला. साखरपुडा लगेच, लग्न तीन-चार महिन्यांत. आप्पासाहेब दवाखान्यात गेले. तिथे काय झालं ते डॉक्टरांनीच मला सांगितलं.

"ते म्हणाले, ओढा जोरात. मी म्हटलं, तारा काढून देतो, लग्न होऊ द्या, मग पुन्हा बसवू. पुण्यात माझ्या ओळखीचे आहेत, चिठ्ठी देतो. ते म्हणाले, नवरी मुलगी दात पुढे घेऊन उभी राहणार का? मी म्हटलं, तिचेच दात आहेत, कुणाचे चोरलेले नाहीत."

दोन दिवसांनी नलिनी प्रयोगशाळेत आली. मी कपाट लावत होते, डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी. तिनं दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, माझं ऐका. तुम्ही करा. जोरात करा."

"तुला माहीत आहे काय होतं ते."

"माहीत आहे. तरी करा."

"माहीत असून मागतेस?"

ती रडली नाही. तिचा आवाज मात्र असा होता की मी कपाटाशीच थांबले. "तुम्हाला आमचं घर माहीत नाही. आप्पा बाहेर गोड बोलतात. हे मोडलं तर ते मला दुसरं कुणीतरी बघतील, तेही त्यांच्या मर्जीचं. हा मुलगा म्हणाला, लग्नानंतर शिक. एमएस्सी कर. मला इथून जायचंय, डॉक्टर. दात गेले तर जाऊ देत."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखालची काच काढून हातात घेतली. मग म्हणाले, "तुला जायचंय हे बरोबर आहे. पण माझ्या हातून ते होणार नाही."

"मग दुसरं कुणी करेल."

"करेल ना. करणारे आहेत."

ती गेली. मी म्हटलं, "जरा मऊ बोलला असतात."

"काय बोललो असतो? दात मारतेस तर जरा हळू मार, असं?" त्यांनी काच पुसली, पुन्हा पुसली. "त्या मुलाला सांग म्हणावं, माझे दात पुढे आहेत, बघून घे. नको म्हणाला तर तो शिकवणारही नव्हता." हे तिला सांगायला हवं होतं, पण ती तोवर जिना उतरून गेली होती.

डॉक्टर सामंतांनी पगाऱ्यांच्या तारा काढून जाड तारा बसवल्या, जाड रबरं लावली. पहिले काही आठवडे दात जागचे हलले नाहीत. ते का, हे नलिनीला कळत असणार. मग एकदम सरकले. लग्नात ती तोंडावर हात न धरता हसली. मी तिथे होते. मंडपात सामंतांचं कौतुक चाललं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ती सुंदर दिसत होती. पगाऱ्यांना बोलावणं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री दात ठणकतात असं म्हणाली का?" मी म्हटलं, लग्नात कोण असं बोलेल? "बरोबर," ते म्हणाले.

वर्षाच्या आत पुढचे चार दात हलायला लागले. पुण्याला दातांचे एक्स-रे फोटो काढले, तर मुळं निम्मीसुद्धा राहिली नव्हती. सासरच्यांनी तिला नाशकाला आणून सोडलं. दोष असलेली मुलगी गळ्यात मारली, असं त्यांचं म्हणणं. आता दोष कुणाचा हे ठरवायला हवं होतं, आणि तो नलिनीचा किंवा तिच्या बापाचा निघून चालणार नव्हतं.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. आप्पासाहेब, डॉक्टर सामंत, नलिनी, तिचे सासरे. पगाऱ्यांना बोलावलं होतं, आणि उंदरांचं काम माझ्या विभागात झालं म्हणून मलाही. सामंत शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे आली तेव्हाच मुळं झिजलेली होती. आधीचा माणूस प्रयोग करत होता. उंदरांवर करायचे ते मुलीवर केले."

पगारे उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. दाब, रक्त, काचेसारखा पट्टा, मुळाचं टोक. वर्गात सांगावं तसं, पायरीपायरीनं. सासरे खिडकीबाहेर बघत होते. मी मधे पडले, म्हटलं, नलिनी त्यांच्याकडे जोरात ओढा म्हणून आली होती आणि त्यांनी नाही म्हटलं, मी तिथे होते. आप्पासाहेब माझ्याकडे वळून हसले. "बाई, तुम्ही बेडूक शिकवा. दातांचं डॉक्टरांना कळतं."

"मग हिला विचारा," पगारे म्हणाले. "हिला माझ्याइतकंच कळतं."

सगळे नलिनीकडे वळले. ती पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. आप्पासाहेब म्हणाले, "बोल बेटा. कुणी केलं हे?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग फरशीकडे.

"सुरुवात पगारे डॉक्टरांनी केली," ती म्हणाली.

शब्द न् शब्द खरा होता. पगारे तिच्याकडे बघत राहिले. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट बघत असावेत. काही आलं नाही. आप्पासाहेब उठले आणि आतापर्यंत जे गोड आवाजात झाकून ठेवलं होतं ते मोठ्यानं म्हणाले, "सरकारी सवलतीवर डॉक्टर झालेल्या माणसाच्या हातात पोरीचं तोंड दिलं, ही माझीच चूक. शेवटी जात गेली नाही ती नाहीच."

प्राचार्यांनी "आप्पासाहेब, आप्पासाहेब" केलं. कुणी आणखी काही केलं नाही. पगाऱ्यांनी खुर्ची जागेवर सरकवली, बॅग उचलली आणि निघून गेले.

नलिनीला सासरी नेलं. प्रयोगशाळेची परवानगी रद्द झाली. काचांच्या पेट्या घेऊन जा, म्हणून मी निरोप पाठवला, तर ते स्वतः आले. "राहू द्या. मुलांना हाड शिकवायला उपयोगी पडतील." अजूनही त्या काचा तिथे असतील. चिठ्ठीवर नुसतं 'उंदराचा जबडा' आहे. कुणी कापला, का कापला, ते लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, "नलिनीवर रागावू नका. तिचं काय झालं असतं..."

"बाकी कुणावर मी रागावलेलो नाही, मॅडम," ते म्हणाले. "सामंतला माहीत नाही. निकमला माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यावर काय रागवायचं? तिला माहीत होतं."

त्यानंतर दवाखाना ओस पडत गेला. गावात बातमी एवढीच फिरली, की त्या पगाऱ्यानं वकिलांच्या मुलीच्या दातांची वाट लावली. तारांचे पेशंट येईनात. आठवड्यातले काही दिवस ते मनमाडला जाऊन रेल्वे कामगारांच्या दाढा काढायचे. दात हाडातून चालवण्यात ज्या माणसाचं मन होतं तो दिवसभर दात उपटत होता. त्यांची पत्नी कमलताई शाळेत शिक्षिका होत्या; त्या एकदा मला भाजीबाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "घरी बोलत नाहीत हो. बोलले तर असं बोलतात की नको वाटतं." मला ते पटलं. माझ्याशीही ते तसंच बोलायला लागले होते. दोन-तीनदा मी भेटायला गेले आणि दुखावून परत आले. मग जाणं कमी केलं.

ऐंशीनंतर कधीतरी आमच्या कॉलेजच्या सभागृहात गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी व्याख्यान ठेवलं. मुंबईचे एक प्राध्यापक आले होते. पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र आमच्या विभागाचं, म्हणून मी मागे उभी होते. विषय होता, दातांवर दाब किती असावा. प्राध्यापक एकेक चित्र दाखवत होते: हाडाच्या कडेला बसलेल्या पेशी, काचेसारखा मेलेला पट्टा, मागून खणलेलं भुयार, खाल्लेलं मूळ. ही चित्रं मी गुलाबी-जांभळ्या रंगात आमच्या टेबलावर पाहिली होती. शेवटच्या रांगेत पगारे बसले होते. केस पांढरे झालेले, बुशशर्ट तसाच कडक.

आभार मानायला अध्यक्ष म्हणून डॉक्टर सामंत उठले. "सरांनी सांगितलं ते आम्हा नाशिककरांना नवीन नाही," ते म्हणाले. "आम्ही पहिल्यापासून हलक्या हाताचे."

पगारे हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं. सगळ्या माना वळल्या. ते उभे राहिले.

"सर, एक शंका. मूळ एकदा झिजलं, तर पुन्हा वाढतं का?"

"नाही," प्राध्यापक म्हणाले. "ते कायमचं."

"आभारी आहे. या इमारतीत हे एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणावं अशी माझी इच्छा होती."

मग सामंत म्हणाले, "चला, चहा तयार आहे." आणि सगळे चहाला गेले.

त्याच सुमारास आप्पासाहेब वारले. दिवसांना नलिनी आली होती. तेरावं झाल्यावर ती माझ्या घरी आली. एमएस्सी झालीच नव्हती. कुणी नाही म्हटलं नव्हतं, फक्त पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता राहून गेलं. ती जपून बोलत होती, पोळीचे तुकडे बाजूच्या दाढांनी खात होती. म्हणाली, "मला डॉक्टरांकडे न्याल का? एकटी जाण्याची हिंमत नाही."

आम्ही दुपारी गेलो. जिन्यात अंधार होता. डॉक्टर खुर्चीजवळ उभे राहून पेपर वाचत होते. त्यांनी मला पाहिलं, मग तिला. ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

"बसा," म्हणाले. ती पेशंटच्या खुर्चीत बसली. त्यांनी हात धुतले, दिवा ओढला, आरसा घेतला. तेव्हा ती एकदम म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही."

त्यांचा हात थांबला नाही.

"तोंड उघड," ते म्हणाले.

तिनं उघडलं. त्यांनी पुढचा एकेक दात दोन बोटांच्या मधे धरून पाहिला. दात हलत होते, मला उभ्या जागेवरून दिसत होतं. तरी एवढ्या हलक्या हातानं ते धरत होते की तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. मग त्यांनी एक बारीक तार घेतली आणि ते चार दात शेजारच्या पक्क्या दातांना बांधायला घेतले. बराच वेळ लागला. सायकलच्या दुकानातून खालून हातोडीचा आवाज येत होता.

"कडक खाऊ नकोस," शेवटी ते म्हणाले. "काही वर्षं निघतील. मग कवळी."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खुर्ची मागे कललेली असल्यामुळे ते कानांकडे उतरत होतं. तोंड मिटल्यावर तिनं विचारलं, "मी आता सांगू का? जे खरं झालं ते?"

डॉक्टर हात धुवायला वळले होते. नळ चालू होता.

"कुणाला?" त्यांनी विचारलं.

आप्पासाहेब गेले होते, सासरेही. उरलेल्या गावाला ते प्रकरण आठवतही नव्हतं. त्यांनी टॉवेलला हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं, आणि पाठमोरेच म्हणाले, "जाताना पुढच्याला आत पाठवा."

आम्ही दार उघडून बाहेर आलो. बाहेर कुणीच नव्हतं. नलिनीनं माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन तसं सांगणं आमच्यापैकी कुणालाच जमलं नाही. आम्ही जिना उतरलो, आणि मागे खुर्चीवरचा दिवा बंद केल्याचा खटका ऐकू आला.